थंडीत जुन्या गाडीचा सेल्फ हळू फिरतो? बॅटरी विकत घ्यायच्या आधी हा व्हिडिओ बघा

नमस्कार मंडळी. थंडी पडली की जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या सेल्फबद्दल, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटारीबद्दल, मला सगळीकडून एकच प्रश्न यायलाय. "दादा, पद्मिनी सकाळी सेल्फच उचलेना, दुपारी मात्र एका चावीत चालू." उदगीर, औसा, नांदेड, आणि परभणीहून तर जास्तच, तिथला पारा आपल्या लातूरपेक्षा खाली उतरतो. काल एका दादानं नुसता आवाज पाठवला. घुर्रर... थांबला... घुर्रर... थांबला. खाली लिहिलं होतं, "नवी बॅटरी टाकली, तरी हेच." ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. त्या पैशात काम होऊन वर पैसे उरले असते.

आधी एक वेगळं करून घ्या. सेल्फ जोरात फिरतो पण गाडी पकडत नाही, तो आजार निराळा. तिथं चोक (थंड इंजिनासाठी ओढायचा तो तारेचा नॉब), पेट्रोल, पॉइंट, प्लग बघायचे. आज आपण फक्त सेल्फ रडत फिरतो त्याचं बोलायलोत.

सोप्या गोष्टी पटकन. बॅटरीचं पाणी बघा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यानं धुवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. अर्धी असेल तर आधी चार्ज करा, बाकीचं नंतर. सहा खणांत हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी, घाला, एकच खण बाकीच्यांच्या मागं पडला असेल तर ती बॅटरी गेली. ऑइल जुनं, जाड झालेलं असेल तर बदला. इंजिन ऑइल खातंय म्हणून काही जण मुद्दाम जाड ऑइल भरतात, मग थंडीत ते इंजिन फिरवायला सेल्फची दमछाक होणारच. २०डब्ल्यू-५० पुरे आहे.

आता मुद्द्यावर येतो. अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडं परतायची वाट.

आमच्या घरची पद्मिनी. येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची सकाळ. डिकीत आंबिलाचा माठ, भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, मागच्या सीटवर आई आणि दोन मावश्या. शेतावर पूजेला वेळेत पोचायचं होतं. चावी फिरवली, सेल्फ दीड वेटोळा घेऊन थांबला. त्याच महिन्यात एका गॅरेजवाल्यानं दुसऱ्यांदा बॅटरी बदलायला लावली होती. मी चोक ओढला, परत चावी मारली, परत मारली. चोक आत ढकलायला हात लावला तर नॉब गरम. बाहेर इतका गारठा आणि नॉब गरम! शेवटी गल्लीतल्या पोरांनी धक्का मारला, आम्ही शेतावर गेलो. पण दिवसभर आंबिल पिताना माझ्या डोक्यात तो नॉबच होता.

चोकची तार गरम का झाली? इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. रबरातून करंट जात नाही. सेल्फ इंजिनाला बोल्ट केलेला, म्हणून त्यातला सगळा करंट परत बॅटरीच्या निगेटिव्हला जायला एकच रस्ता: इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीला आलेली ती विणलेली पट्टी. ती पट्टी गंजली, तिचे तार तुटले, बोल्टखाली रंग किंवा ग्रीसचा थर बसला, की करंट दुसरी वाट शोधतो. चोकची तार, ॲक्सिलेटरची तार, जे सापडेल ते. एवढा करंट त्या बारीक तारेतून गेला तर ती तापणारच.

मी हे सांगितलं की लगेच कमेंट येते, "लाइट तर झकास लागतात, हॉर्न कडक वाजतो, मग अर्थिंग खराब कसं?" अहो, हेडलाइटचा अर्थ बॉडीला आहे. तो करंट त्या पट्टीतून जातच नाही. पट्टी पार तुटून लोंबकळत असली तरी लाइट लख्ख लागतील.

दुसऱ्या बाजूनं सांगतो, शेतकरी मंडळींना लगेच कळेल. विहिरीवरच्या मोटारीच्या केबलला पिळून मारलेला जॉइंट ढिला असला की काय होतं? खोलीतला बल्ब लागतो, पण मोटार नुसती हुंहुं करते आणि जॉइंट तापतो. बल्बला करंट कमी लागतो, मोटारीला जास्त. तसंच इथं. समजा जॉइंटमध्ये ०.०१ ओहम अडथळा आहे. दहा ॲम्पिअर गेले तर ०.१ व्होल्ट पडतो, पत्ता लागत नाही. सेल्फचे दीडशे ॲम्पिअर गेले की दीड व्होल्ट तिथंच खाल्ला. थंडीत ऑइल घट्ट, म्हणून सेल्फ आणखी करंट मागतो. बॅटरी गार, म्हणून ती द्यायला कमी पडते. आणि वरून हा जॉइंट खातो. दुपारी तिन्ही गोष्टी थोड्या सैलावतात आणि गाडी चालू होते. जॉइंट तेव्हाही खराबच असतो.

म्हणून मीटर ओहमवर लावून पट्टी तपासू नका. ०.०१ ओहम साधा मीटर दाखवतच नाही, तो "शून्य, ओके" म्हणतो. करंट वाहत असतानाच मोजायचं. बघा कसं.

गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. कॉइलची बारीक तार काढा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावर. क्लॅम्प आणि खुंटाच्या मधला गंजही आपल्याला पकडायचाय. लाल पिन इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर. आता एकानं पाच सेकंद सेल्फ मारायचा, जास्त नाही. आकडा बघा. ०.२, ०.३ पर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर चोर सापडला. मग लाल पिन बॉडीवर ठेवून परत मोजा, म्हणजे चोर बॅटरी ते बॉडीमध्ये आहे की बॉडी ते इंजिनमध्ये, ते कळेल. तसंच पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. तिथं अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. दोन वेळांच्या मध्ये सेल्फला मिनिटभर गार होऊ द्या.

मीटर नसेल तर जंप केबलचं एक टोक निगेटिव्ह खुंटाला, दुसरं थेट इंजिनाला लावा आणि चावी मारा. सेल्फ एकदम तडफेनं फिरला तर अर्थिंगच.

काही जण पान्यानं सेल्फचे बोल्ट शॉर्ट करून दाखवतात. कृपा करून करू नका. गाडी गिअरमध्ये असली तर अंगावर येते.

आता दोन्ही बाजू ठीक निघाल्या तर? सेल्फ मारताना बॅटरीवरच मीटर लावा. भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली घसरली तर ती लोड टेस्टला न्या. पास झाली तर सेल्फ उघडा: बुश झिजून आर्मेचर आत घासत असेल, तेव्हा तो करंट भरमसाट खातो. आणि व्होल्टेज टिकून आहे, केबलही चांगल्या, तरी फिरणं हळूच, तर सेल्फच्या आतले कार्बन (ब्रश) संपलेत. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं, त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.

आता आपली पट्टी. (कॅमेरा खाली.) ही बघा, बाहेरून धड दिसते. वाकवली की आतून हिरवी पूड गळतीय. हीच वर्षानुवर्षं लावलेली असते, कुणी बघत नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडली. नवी जाड पट्टी. बोल्टच्या खालचा रंग पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासला. ग्रीस आधी मधे भरायचं नाही. लोखंडाला लोखंड भिडवून बोल्ट आवळायचा आणि मग वरून ग्रीस, पाणी लागू नये म्हणून.

मघाशी जुन्या पट्टीवर मोजलं तेव्हा १.१ व्होल्ट आला होता. निगेटिव्ह परत लावली, आता मारा चावी... ०.१५. ऐकलात का आवाज? कॉइलची तार लावतो, चोक ओढतो.

झाली चालू. आणि हा नॉब बघा, गार आहे.