आजी दारातून परत आल्या

नमस्कार, श्रोतेहो.

जूनमध्ये माझ्या दवाखान्यात तापाची मुलं ओळीनं बसलेली असतात. शाळा सुरू, पाऊस सुरू, आणि आई विचारते, "व्हायरलच असेल ना?" बहुतेक वेळा असतंच. एका सहा वर्षांच्या मुलाबद्दल मीही तेच म्हणालो होतो. ताप, दोन उलट्या, जरासा खोकला. निघता निघता आजी म्हणाल्या, "मागच्या आठवड्यापर्यंत केनियात मोम्बासाला बापाकडे होता, तिथलं पाणी बाधलं असेल."

मी त्यांना दारातूनच परत बोलावलं. रक्तात फाल्सिपेरम या जातीचा मलेरिया निघाला.

आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः याच जातीचा. डास चावल्यावर साधारण 7 ते 30 दिवसांनी ताप येतो, त्यामुळे विमानातून उतरताना पोर ठणठणीत असतं. मग मात्र ते एका दिवसातही गंभीर होऊ शकतं. थंडी वाजून दिवसाआड येणारा ताप, हे आपल्या डोक्यातलं चित्र. मुलांचा मलेरिया इतका शिस्तीचा नसतो. नुसते जुलाब, पोटदुखी किंवा मरगळही असते. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी 12 ते 24 तासांनी रक्त पुन्हा बघावं लागतं, गरज पडल्यास तिसऱ्यांदाही.

गंमत बघा, सफारीला जाणारा माणूस प्रतिबंधक गोळ्या आठवणीनं घेतो. बापाच्या घरी जाणाऱ्या मुलाला कोण देणार? "आम्ही तिथलेच" म्हणणाऱ्यांचीही प्रतिकारशक्ती तिथून दूर राहिल्यावर ओसरते. इथं वाढलेल्या मुलाकडे ती नसतेच. या गोळ्या मुलाच्या वजनानुसार डॉक्टर ठरवतात. त्या निघण्याआधी सुरू करायच्या असतात आणि परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात. लोक त्या विमानतळावरच सोडून देतात! शिवाय संध्याकाळ ते पहाट मच्छरदाणी आणि अंगभर कपडे हवेतच.

उलटंही घडतं. ऑगस्टच्या सुट्टीत लंडनहून मुंबईला आजोळी आलेल्या नातवाच्या यकृतात व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाची दुसरी जात, दबा धरून बसू शकतो आणि ऐन नाताळात ताप काढू शकतो. बाहेर कडाक्याची थंडी असताना तिथल्या डॉक्टरला डास कसा आठवावा? सुट्टीत कुठे गेला होतात, हे आईवडिलांनीच आधी सांगायला हवं.

त्या मुलाला दवाखान्यात दाखल करून आर्टेसुनेट या मलेरियावरच्या औषधाची इंजेक्शनं दिली. चौथ्या दिवशी तो सलाईनच्या नळीवरून नर्सशी भांडत होता.

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर वजनाच्याही आधी एक ओळ छापलेली असते: गेल्या वर्षभरात कुठे कुठे गेला होतात? लोक हसतात, आणि "महाबळेश्वर" लिहितात.