लिंडन जॉन्सन: ज्याचं नाव आपण सहसा घेत नाही

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षाबद्दल आणि नाव ऐकून तुम्ही म्हणाल हा कोण बुवा, कारण आपल्याला केनेडी माहीत असतो, निक्सन माहीत असतो, आणि हा बरोब्बर त्या दोघांच्या मधला. लिंडन जॉन्सन. पण तुमच्या घरातलं कुणी सत्तरच्या आसपास डॉक्टर नाहीतर इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेलं असेल, किंवा तुम्ही स्वतः लहानपणी रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन अमेरिकन गव्हासाठी उभे राहिला असाल, तर तुमच्या आयुष्यात ह्या माणसाचा हात आहे.

माणूस टेक्ससचा. जन्म २७ ऑगस्ट १९०८, पेडर्नालिस नदीकाठच्या खडकाळ माळरानात. वडील आमदार, पण शेतीत असे बुडाले की गावात तोंड दाखवायची चोरी झाली, आणि ते सगळं पोराने बघितलं. कॉलेजला पैसे कमी पडले म्हणून १९२८ साली मध्येच शिक्षण थांबवून कोटुला नावाच्या गावी मेक्सिकन मजुरांच्या मुलांच्या शाळेत मास्तर झाला. मुलं उपाशीपोटी शाळेत यायची. हे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला, कधी मनापासून, कधी मतांसाठी, आणि त्यातलं कुठलं काय हे बहुतेक त्यालाही सांगता आलं नसतं.

१९३७ ला हा खासदार झाला. त्याच्या मतदारसंघात तेव्हा वीज नव्हती, बायका विहिरीतून बादल्या ओढून ओढून चाळिशीत वाकायच्या, आणि सरकारी नियम असा की मैलाला ठराविक घरं असतील तरच तारा टाकणार. त्या माळावर घरं आणायची कुठून? तर जॉन्सनने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे वशिला लावला आणि नियम बाजूला ठेवून वीज आणली. तिथल्या म्हाताऱ्या बायका त्याचं नाव शेवटपर्यंत घ्यायच्या.

आता दुसरी बाजू ऐका. १९४८, सिनेटसाठी, म्हणजे अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहासाठी पक्षांतर्गत निवडणूक, मतं पडली जवळपास दहा लाख, आणि हा जिंकला ८७ मतांनी! मतदान झाल्यावर काही दिवसांनी अॅलिस गावच्या १३ नंबरच्या पेटीतून नवीन २०२ मतं निघाली, त्यातली २०० जॉन्सनला, आणि मतदारांच्या यादीत ती नावं एकाच शाईत, एकाच अक्षरात, चक्क अकारविल्हे लागलेली. म्हणजे मतदार रांगेत आद्याक्षराप्रमाणे उभे राहिले होते म्हणायचे. कोर्टकचेऱ्या झाल्या पण सीट काही हातची गेली नाही. लोकांनी टोमणा म्हणून नाव पाडलं, लँडस्लाइड लिंडन, म्हणजे प्रचंड मतांनी जिंकलेला लिंडन.

सिनेटमध्ये मात्र त्याच्यासारखा गडी झाला नाही असं माझं मत आहे. उंची सहा फुटांच्या वर तीन-चार इंच, समोरच्याच्या अंगावर एवढा वाकायचा की तो मागे जाऊन जाऊन टेबलाला टेकायचा, एक हात खांद्यावर, दुसऱ्या हाताने कोटाची कॉलर धरलेली, आणि साम दाम दंड भेद सगळं एकाच वाक्यात. पण खरी ताकद वेगळी होती, कुठल्या सिनेटरला काय हवंय आणि तो कशाला घाबरतो हे त्याला तोंडपाठ असायचं.

२२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि उपाध्यक्ष जॉन्सनने विमानातच शपथ घेतली, शेजारी जॅकी केनेडी, अंगावरच्या कपड्यांवर नवऱ्याचं रक्त. मग हा दक्षिणेकडचा माणूस, ज्याने वीसेक वर्षं काळ्यांच्या हक्कांच्या बिलांविरुद्ध मतदान केलं होतं, तोच नागरी हक्कांच्या कायद्यामागे हात धुऊन लागला. ज्या रिचर्ड रसेलने त्याला सिनेटमध्ये वर आणलं तोच विरोधकांचा म्होरक्या, भाषणं करून करून बिल अडवून धरलेलं. रिपब्लिकनांचा नेता डर्कसन, त्याला मोठेपणा हवा होता, जॉन्सनने तो भरभरून दिला. १० जून १९६४ ला ७१ विरुद्ध २९ मतांनी कोंडी फुटली. पुढच्या वर्षी म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा, काळ्यांच्या मतदानाचा कायदा, सगळं धडाधड.

आणि त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९६५ ला, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून त्याने इमिग्रेशनच्या कायद्यावर सही केली. तोपर्यंत भारताचा कोटा होता वर्षाला १०० माणसं. शंभर! सही करताना हा म्हणतो की हे काही क्रांतिकारी बिल नाही, लाखो लोकांच्या आयुष्यात ह्याने फरक पडणार नाही. न्यू जर्सीत, शिकागोत गणपती बसवणाऱ्या आपल्या मंडळींनी ह्यावर काय ते ठरवावं.

गव्हाचं प्रकरण मात्र कडू. ६५ आणि ६६, लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, आणि अमेरिकेचा गहू हा गडी महिन्या-महिन्याच्या हिशोबाने सोडायचा, पुढची जहाजं सुटणार की नाही ह्याचा दिल्लीला घोर. मार्च ६६ मध्ये इंदिराबाई वॉशिंग्टनला जाऊन आल्या, आश्वासन मिळालं, मग भारताने व्हिएतनामवरच्या बॉम्बहल्ल्यांवर टीका केली आणि साहेब पुन्हा फुगले. तो म्हणे भारताने स्वतःची शेती सुधारावी म्हणून मी हे करतोय. त्यात तथ्य असेलही, पण भुकेल्याला नाक घासायला लावून दिलेला सल्ला कुणाला गोड लागतो?

व्हिएतनाममध्ये त्याने तोच जुना डाव टाकला. एप्रिल ६५ मध्ये भाषणात सांगितलं की मेकाँग नदीवर धरणं, वीज, विकास, त्यासाठी शंभर कोटी डॉलर देतो. म्हणजे टेक्ससच्या बायकांना वीज दिली तशी उत्तर व्हिएतनामचा नेता हो ची मिन्ह ह्याला द्यायला निघाला. पण हो ची मिन्ह सिनेटर नव्हता, त्याला ना धरण हवं होतं ना कमिटीचं अध्यक्षपद, त्याला अमेरिकन सैन्य देशाबाहेर हवं होतं, आणि तेवढं सोडून जॉन्सन बाकी सगळं द्यायला तयार! सोळा हजार सैनिकांचे पाच लाखांवर गेले, तरुण पोरं व्हाइट हाऊसबाहेर त्याच्या नावाने शिव्या घालत उभी, आणि ३१ मार्च १९६८ ला टीव्हीवर येऊन तो म्हणाला, मी पुन्हा उभा राहणार नाही. २२ जानेवारी १९७३ ला आपल्या रँचवर हार्ट अटॅकने गेला. आणि तो गेल्यावर पाचव्या दिवशी व्हिएतनामच्या पॅरिस शांतता करारावर सह्या झाल्या.

ह्या माणसाने स्वतःचे फोन गुपचूप टेप करून ठेवले होते आणि ते आता नेटवर मोफत ऐकता येतात. ज्यांना इंग्रजी जमतं त्यांनी ऑगस्ट ६४ चा एक कॉल जरूर ऐका, राष्ट्राध्यक्ष एका कपड्याच्या कंपनीला फोन करून पँटी मागवतोय, खिसे खोल करा म्हणतोय, सुऱ्या बाहेर पडतात, आणि मग मांडीजवळ शिवण कुठे काचते ते इतकं सविस्तर सांगतो की ते काही मला ह्या माईकवर बोलता येणार नाही.