शरण कुणाला जायचं?

नमस्कार मंडळी.

नगरला आमच्या घरी रोज दिवेलागणीला प्रार्थना व्हायची. आजी गुडघे टेकायची आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या शब्दांशी तिचा आवाज हटकून खाली यायचा. देवाला शरण जाणं म्हणजे काय, ते मला त्या आवाजातून कळलं. आणि हीच आजी आईच्या शिक्षणासाठी घरातल्या सगळ्या पुरुषांपुढे एकटी उभी राहिली होती.

इंग्लंडात आल्यावर एका प्रार्थनासभेत मी वेगळंच ऐकलं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या एका बाईला समजावणं चाललं होतं, ‘नवऱ्याच्या अधीन राहा, तीच देवाची इच्छा.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. आज पंडिता रमाबाईंविषयी बोलायला मी उभी आहे, ती त्या रात्रीमुळेच.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडातल्या वाँटेजला रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आई, वडील, भाऊ, नवरा, सगळे गेलेले. परका देश, आसरा जोगिणींच्या मठाचा. अशा वेळी माणूस मान खाली घालून राहतो. रमाबाईंना ते जमलं नाही. धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना त्या पत्रांत प्रेमानं ‘आजीबाई’ म्हणत, पण चर्च सांगेल ते निमूट मानायला तयार नव्हत्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, हे त्यांनी स्पष्ट कळवलं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. मायदेशी भरसभेत शास्त्रार्थ करून आलेल्या बाईला ते कसं रुचावं?

एक प्रसंग मला फार आवडतो. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचं म्हणणं, घालायचाच असेल तर त्यावर संस्कृत शब्द हवेत. संस्कृत ही देवांची भाषा म्हणून नव्हे. आपल्या मायभूमीची प्राचीन आणि सुंदर भाषा म्हणून. बोटभर क्रूस, पण आपण कुणापुढे वाकलोय याचा हिशेब त्यांच्या मनात पक्का होता. 1885 च्या मे महिन्यात त्यांनी आजीबाईंना लिहिलं, त्याचा आशय असा: हिंदुस्थानातल्या भिक्षुकशाहीचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, आता पाद्र्यांचा प्रत्येक शब्द ईश्वराची आज्ञा मानून तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही.

मठात याला अहंकार म्हटलं गेलं. मला ते पटत नाही. पुढे रमाबाईंनीच कबूल केलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. ज्या बाईला आपल्या शरणागतीतली उणीव स्वतः दिसते, ती अहंकारी कशी? चोखोबांनी बडव्यांच्या माराची फिर्याद थेट विठूकडे नेली, तो काय अहंकार होता?

1897 साल बघा. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली पदरात, आणि पोटाला काय घालायचं यासाठी रोज देवापुढे हात जोडलेले. त्याच वर्षी पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांचे काय हाल होतात, हे त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून चव्हाट्यावर मांडलं. गव्हर्नर सँडहर्स्टनी ते खोडून काढलं. पत्रावर सही मात्र रमाबाईंची होती, ख्रिस्ती सरकारच्या राज्यात राहणाऱ्या ख्रिस्ती बाईची.

याच बाईनं केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि तिथल्या तिच्या मुक्ती आश्रमाच्या छापखान्यात बायकांनीच त्याचे खिळे जुळवले. ‘नवऱ्याच्या अधीन’ची ओळही तिनं भाषांतरित केली, आणि ‘मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ हीसुद्धा. त्या प्रार्थनासभेत पहिलीच तेवढी वाचली गेली.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी त्या मार खाणाऱ्या बाईला फोन करून घरी बोलावलं. आम्ही दोघींनी गुडघे टेकले, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हटलं. मग उठून पोलिसांना फोन लावला.