आठवड्यातला कामाचा दिवस

[दृश्य: पाबळचा माळ, घुमटाकार घरं]

पाबळ म्हटलं की पुणेकरांना मस्तानीची कबर आठवते. शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावाला आणखी एक ओळख आहे. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग इथे आले आणि 1983 मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. काम करता करता माणूस शिकतो, मग शाळेत तसं का शिकू नये, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

[दृश्य: शाळेचं आवार, आखणी करणारी मुलं]

त्यातून हायस्कूलसाठी एक अभ्यासक्रम उभा राहिला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य असे चार विभाग, आणि मुलगा असो वा मुलगी, चारही सगळ्यांना. शिकवायला शक्यतो त्याच भागातली, हातात कसब असलेली माणसं.

पायाची आखणी करायची आहे. एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं, की कोपरा काटकोनात. गवंडी हे रोज करतो. पायथागोरसचं नाव त्याने ऐकलेलं असेलच असं नाही, आणि ज्या मुलांनी प्रमेय घोकलंय त्यांना दोरी कुठे धरायची ते ठाऊक नसतं. कामाच्या दिवशी दोघांची गाठ पडते.

याच तासांमध्ये वेल्डिंग होतं, मातीपरीक्षण होतं, हिमोग्लोबिन तपासलं जातं, चिक्की बनते. मग खरी परीक्षा: हिशेब. शेंगदाणे किती, गूळ किती, गॅस किती, मजुरी किती धरायची? मजुरी धरायला मुलं हमखास विसरतात. (मोठेही विसरतात, विशेषतः घरातल्या बायकांची.) केलेलं काम गावाच्या उपयोगी पडावं आणि त्याचे पैसे यावेत, हा या शिक्षणाचाच भाग. गिऱ्हाइकाला पाट्या टाकलेल्या चालत नाहीत.

[दृश्य: भोसरी एमआयडीसी, शिफ्ट सुटण्याची वेळ]

पुण्याच्या या टोकाला चित्र वेगळं. इथे काम शिकणं सुरू होतं ते बहुतेक दहावीनंतर, आणि बऱ्याच घरांत मार्क कमी पडले म्हणून. औंधच्या आयटीआयमध्ये फिटरला आलेल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा कानस येते, तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा असतो.

कायद्याने त्याआधीही वाट ठेवली आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांना शिकाऊ उमेदवार होता येतं. धोक्याच्या उद्योगांत मात्र अठरा. उमेदवार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा असेल तर करारावर पालकाची सही लागते.

ती सही करण्याआधी दोन गोष्टी पालकांना माहीत हव्यात. कायद्याच्या लेखी शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्याला विद्यावेतन मिळतं. पण करारात तसं लिहिलेलं नसेल, तर मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नाही. मुलगा ‘कंपनीत चिकटला’ असं सांगत पेढे वाटायची घाई नको. विचारायचं ते हे, की शिकवणार कोण, कोणत्या मशीनवर, आणि शेवटी प्रमाणपत्र कसलं? याची धड उत्तरं मिळाली नाहीत, तर तिथे कमी पैशांत हेल्पर हवाय असं खुशाल समजावं.

[दृश्य: कसबा पेठ, तांबट आळी]

2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे मुलांनी या दिवसांत शिकावं, ही कल्पना. कल्पना चांगली, दहा दिवस कमी. पाबळच्या पद्धतीत तीन वर्षं दर आठवड्याला एक दिवस मिळतो, तेव्हा कुठे हाताला वळण लागतं. नाहीतर ती सहल होते. तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके देण्याचं काम चालतं, आणि पेठांमधल्या शाळांना तिथवर यायला बससुद्धा लागत नाही. वेळापत्रकात एक वार मोकळा करावा लागेल, आणि कारागिराच्या बुडालेल्या वेळेचे पैसे शाळेने धरावे लागतील.