मॉडेल कशावर टेकलंय?

मघाशी चहाच्या वेळी एका मुलाने विचारलं, "सर, ब्रॅकेटची लांबी १२० ची १३५ केली आणि खालची अकरा फीचर्स लाल झाली. आता काय करू?" कॅडवर, म्हणजे पार्टचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरवर, डिझाइनला बसणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते. भोक, खाच, गोलाई अशी मॉडेलची एकेक पायरी म्हणजे फीचर. ती एकाखाली एक दिसतात ती यादी म्हणजे ट्री. लाल झालं म्हणजे ते फीचर आता बनत नाही. बहुतेक जण लाल झालेलं फीचर डिलीट करून नव्याने काढतात. तेवढी संध्याकाळ निभावते, पण पुढचा बदल आला की पुन्हा तेच.

रोलबॅक बार (मॉडेल मागच्या पायरीवर नेणारी ट्रीमधली आडवी पट्टी) ट्रीच्या अगदी वर न्या आणि एकेक फीचर खाली या. जे सगळ्यात आधी बिघडतं, तेवढंच दुरुस्त करा. उरलेली दहा बऱ्याचदा आपोआप सुटतात. त्यांच्यात काही बिघडलेलं नसतं, त्यांचा आधार गेलेला असतो.

हा आधार नीट समजून घ्या. तुम्ही ब्लॉकच्या वरच्या फेसवर (पृष्ठभागावर) स्केच, म्हणजे सपाट आकृती, काढता, तेव्हा तुमच्या मनात 'वरचा फेस' असतो. सॉफ्टवेअरला मात्र वर-खाली कळत नाही. फ्रीकॅड या मोफत कॅड सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत तर हे उघडच दिसायचं: फेस ६, एज (कड) १२ अशी नावं. मूळ चौकोनात एक रेघ वाढवली की क्रमांक सरकायचे, सहावा क्रमांक दुसऱ्याच फेसला मिळायचा आणि तुमचं भोक तिकडे पळायचं. याला टोपोलॉजिकल नेमिंगची अडचण म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत ती बरीच आटोक्यात आणली गेली. वर्षानुवर्षं स्वतःचा वेळ घालून ज्यांनी हे केलं, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण महागड्या सॉफ्टवेअरमध्येही फिलेटच्या (गोल केलेल्या कोपऱ्याच्या) कडेला डायमेंशन (माप) बांधलं आणि उद्या तो फिलेट काढला, तर ते डायमेंशन लोंबकळणारच.

म्हणून महत्त्वाची स्केचेस ओरिजिनच्या (मॉडेलच्या शून्यबिंदूच्या) प्लेनवर काढा, किंवा त्यापासून ठरावीक अंतरावर घेतलेल्या प्लेनवर. स्केचमधली एकही रेघ मापाने किंवा बंधनाने न बांधता मोकळी ठेवू नका. फिलेट आणि चॅम्फर (तिरकी कापलेली कड) शेवटी. या शेवटच्या नियमाला मात्र अपवाद आहे, आणि तो कोणी सांगत नाही. प्लॅस्टिकच्या झाकणाला आधी ड्राफ्ट (साच्यातून सुटावं म्हणून भिंतीला दिलेला उतार), मग बाहेरचे मोठे फिलेट, आणि त्यानंतर शेल (आतून पोकळ करणं). शेल आधी केलं तर कोपऱ्यात भिंतीची जाडी सारखी राहत नाही. नियम पाठ करण्यापेक्षा कोणतं फीचर कोणावर उभं आहे ते बघा. मॉडेल पुढे देण्याआधी दोन-तीन मुख्य मापं मुद्दाम बदलून रीबिल्ड करा. मोडायचं असेल तर ते तुमच्यासमोर मोडू दे.

आता लाल खूण न दाखवणारी चूक. ती मला जास्त छळते. नोकरीच्या सुरुवातीला मी २ मिमी पत्र्याचं चार बेंडचं कव्हर काढलं. ट्री स्वच्छ, ड्रॉइंग स्वच्छ. लेझर कटिंग होऊन पार्ट बेंड होऊन आले आणि एकही फ्रेममध्ये बसेना. पत्रा वाकताना त्याच्या जाडीतला जो थर ना ताणला जातो ना दाबला जातो, तो आतल्या बाजूपासून जाडीच्या किती पटीवर आहे, तो आकडा म्हणजे के फॅक्टर. तो मी सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेला ०.५ तसाच ठेवला होता. आतली त्रिज्या २ मिमी आणि ९० अंशांचा बेंड असेल, तर ०.५ ने बेंड अलाउन्स (वाकलेल्या भागात जाणारी पत्र्याची लांबी) ४.७१ मिमी येतो, ०.४ ने ४.४०. एका बेंडला ०.३१, चार बेंडला सव्वा मिलिमीटर. तो पत्रा भंगारात गेला. प्रेस ब्रेकवरच्या (पत्रा वाकवायच्या मशीनवरच्या) काकांनी मला रागावण्याऐवजी शेजारी उभं करून जे दाखवलं, ते आजही मी तसंच करतो.

त्याच पत्र्याची बरोबर १०० मिमी लांबीची पट्टी कापा. ज्या पंच-डायवर (मशीनच्या वरच्या आणि खालच्या टूलवर) जॉब होणार आहे, त्याच सेटवर ९० अंशांत वाकवा. दोन्ही पायांची बाहेरची मापं व्हर्नियरने घेऊन बेरीज करा. समजा १०३.६ आली. म्हणजे बेंड डिडक्शन, बाहेरच्या मापांच्या बेरजेतून वजा करायची लांबी, ३.६. त्रिज्या आणि जाडीच्या बेरजेची (२ + २) दुप्पट ८, त्यातून ३.६ वजा, अलाउन्स ४.४. वर ०.४ ला हाच अलाउन्स आला होता, म्हणजे तुमचा के फॅक्टर ०.४.

ती पट्टी टाकून देऊ नका. तिच्यावर मटेरियल, जाडी, पंचाची त्रिज्या आणि डायची रुंदी पेंट मार्करने लिहा आणि तुमच्या टेबलाशेजारी खिळ्याला अडकवा.