चौघं, सहा जोड्या आणि एक रापण

(दृश्य : मालवण, दांडी किनारा. पहाट. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते आहे. मागे सिंधुदुर्ग किल्ला.)

होडीनं समुद्रात अर्धगोल फिरत जाळं सोडलं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणून दिले. आता वाळूवर माणसांच्या दोन रांगा आहेत. ओढता ओढता त्या एकमेकींकडे सरकत चालल्या आहेत. जाळ्याच्या वरच्या काठाला तरंगते गोळे आहेत, खालच्या काठाला वजनं. एका रांगेनं घाई केली की जाळं तिरकं होतं, खालचा काठ तळापासून उचलला जातो आणि मासळी खालून निसटते. घाई करणाऱ्यालाही मासळी किनाऱ्यावरच आणायची असते. त्याचा हेतू वाईट नसतो.

मालवणातल्या एका कॉमिक्स लेखिकेनं आपल्या चार सुपरहिरोंचं पहिलं मोठं भांडण याच वाळूवर घडवलं आहे. चोवीस पानांच्या अंकातली सहा पानं त्या भांडणाला दिली आहेत. ती सहा पानं कशी उभी राहिली, ते आता पाहू.

(दृश्य : टेबल. चार कागद, प्रत्येकावर एक रेखाचित्र.)

पहिला तांडेल, नावाप्रमाणे होडीचा प्रमुख. वय अठ्ठावन्न. समुद्राच्या तळाचा आवाज त्याला ऐकू येतो, मासळी कुठे आहे आणि होडी कुठे आहे हे तो किनाऱ्यावर बसून सांगू शकतो. दुसरी उधाण, वेंगुर्ल्याची. ती पाणी चढवते. तिसरा कातळ, देवगडच्या सड्यावरचा, म्हणजे खडकाळ पठारावरचा. त्याचं अंग जांभ्या दगडाचं होतं. आणि चौथा काजवा, एकोणीस वर्षांचा, ज्याच्या तळहातांतून उजेड पडतो.

कागदावर चित्राखाली चारच ओळी आहेत. याला काय हवं आहे? याला भीती कशाची? भीती वाटली की हा कोणती चुकीची गोष्ट करतो? आणि त्याची किंमत कोण भरतो?

या चौथ्या ओळीवर लेखिकेचा सगळा भर आहे. किंमत नायकानं स्वतःच भरली तर वाचकाला त्याची कीव येते, पण कथा तिथेच थांबते. किंमत शेजारच्यानं भरली की भांडणाला कारण मिळतं. म्हणून तिथे ‘स्वतः’ हे उत्तर चालत नाही, चौकडीतल्याच दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिहावं लागतं.

दुसऱ्या शाईत एक पाचवी ओळ आहे, शक्तीच्या मर्यादेची. ही ओळ मुद्दाम वेगळी ठेवली आहे, कारण नवे लेखक मर्यादेलाच दोष समजतात. सुपरमॅनचं क्रिप्टोनाइट आधी १९४३ मध्ये रेडिओ मालिकेत आलं आणि नंतर १९४९ मध्ये कॉमिक्समध्ये. ते त्याची शक्ती काढून घेतं, पण त्याच्या स्वभावाबद्दल काहीच सांगत नाही. मर्यादा बाहेरून येते आणि चढाईचं पान रंगवायला उपयोगी पडते. दोष आतून येतो आणि जेवणाच्या पानावरसुद्धा काम करतो.

(दृश्य : चिऱ्यांची खाण. चिरे कापणारं यंत्र, लाल धूळ.)

कातळचं उदाहरण घेऊ. खाणीतून नुकताच काढलेला जांभा मऊ असतो, म्हणून तो सहज कापता येतो. हवा लागली की तो कडक होत जातो. कातळची शक्ती अशीच चालते. अंगाचा दगड झाल्यावर सुरुवातीला तो ठिसूळ असतो, जितका वेळ उभा राहील तितका पक्का होतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो, त्यामुळे पावसात कातळ जड होतो आणि त्याला पळता येत नाही. ही झाली मर्यादा. दोष वेगळा आहे. एकदा शब्द दिला की परिस्थिती बदलली तरी तो शब्द सोडत नाही, आणि जितकं समजवावं तितका अधिक घट्ट होतो. दगडाचा गुण स्वभावात उतरला आहे. ही जोडणी साधली की दोष वरून चिकटवल्यासारखा दिसत नाही.

उधाणचं पाणी कुठून तरी यावं लागतं. एका बाजूला ती भरती आणते तेव्हा दुसऱ्या बाजूची खाडी उघडी पडते. तिचा दोष हा की तिला थांबता येत नाही, कुणी काही विचारायच्या आत ती हात उचलते. तांडेल माहिती दाबून ठेवतो. होडीवर एकाचाच हुकूम चालतो, सगळ्यांना सगळं सांगितलं की गोंधळ होतो, हे त्याच्या हाडात भिनलेलं आहे. काजव्याला सगळ्यांना आवडायचं आहे, त्यामुळे त्याला नाही म्हणता येत नाही.

(दृश्य : जुन्या कॉमिक्सची पानं उलटली जात आहेत.)

या वाटेनं जाणारा प्रत्येक लेखक १९६१ कडे येतो. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांचा ‘फॅन्टॅस्टिक फोर’चा पहिला अंक त्या वर्षीचा. अवकाशातल्या किरणांचा धोका आहे, असं चौघांतला वैमानिक बेन ग्रिम उड्डाणाआधी सांगतो. त्याचं कुणी ऐकत नाही. किरण चौघांनाही लागतात, पण खडकासारखं कायमचं शरीर बेनच्याच वाट्याला येतं. पहिल्याच अंकात चौघांमध्ये एक देणं तयार होतं. उड्डाण घडवून आणणाऱ्या रीड रिचर्ड्सनं ते कितीही अंक फेडलं तरी फिटत नाही. तिसऱ्या अंकाच्या शेवटी चौघांतला जॉनी स्टॉर्म भांडून निघून जातो. १९६३ मध्ये ‘ॲव्हेंजर्स’ सुरू झालं आणि दुसऱ्याच अंकात हल्क चमू सोडून गेला. ही पात्रं टिकली त्याचं मोठं श्रेय त्या न फिटणाऱ्या देण्यांना जातं.

(दृश्य : भिंतीवर चौकट. चार नावं, त्यांना जोडणाऱ्या सहा रेषा.)

चार पात्रं म्हणजे सहा जोड्या. पाच घेतली की दहा होतात, सात घेतली की एकवीस. पहिल्या अंकात सात जणांची फौज उतरवणाऱ्यांची अडचण इथे होते. एकवीस नाती चोवीस पानांत मावत नाहीत, मग उरलेली पात्रं मागे उभी राहून नुसत्या मुठी आवळतात. चौघांत प्रत्येक जोडीला निदान एक प्रसंग देता येतो.

प्रत्येक रेषेवर दोन वाक्यं आहेत : याला तिच्याकडून काय हवं, आणि तिला याच्याकडून. दोन्ही वाक्यं एकाच वेळी पुरी होऊ शकत असतील, तर ती रेषा पुसून पुन्हा लिहावी लागते. आणखी एक कसोटी आहे. भांडण एका वाक्याच्या खुलाशानं मिटत असेल, तर तो फक्त गैरसमज असतो. वाचकाला ते तिसऱ्या पानावर कळतं आणि उरलेली पानं त्याला चीड येते.

(दृश्य : रात्रीचा समुद्र. दूरवर एका बोटीचा प्रखर उजेड.)

आता प्रसंग. समुद्रात प्रखर दिवे लावून मासेमारी करायला केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. उजेडाकडे मासळी खेचली जाते, लहान-मोठी सगळी, आणि किनाऱ्यावर दोर धरून उभ्या असलेल्या माणसांपर्यंत काहीच पोहोचत नाही. काजव्याची शक्ती नेमकी हीच आहे. त्याच्या मामाची बोट कर्जावर आहे. मामा म्हणतो, एक रात्र चल. काजव्याला नाही म्हणता येत नाही. तांडेलला तळाच्या आवाजावरून तिसऱ्या रात्रीपर्यंत सगळं कळलेलं आहे, तरी तो गप्प आहे. पोरानं स्वतःहून येऊन सांगावं, ही त्याची अपेक्षा. उधाणला कळतं आणि ती तिथल्या तिथे पाणी चढवून बोट किनाऱ्याकडे ढकलते. काजव्याच्या आईला ‘पोराला सांभाळीन’ असा शब्द दिलेला कातळ मध्ये उभा राहतो आणि हलत नाही. पाणी त्याला वळसा घालून रापणीवर जातं.

जाळं फाटतं, दोर धरलेली दोन माणसं जखमी होतात आणि चौकडी फुटते.

इथे लेखिकेनं लावलेली परीक्षा नोंदवून ठेवण्यासारखी आहे. चौघांपैकी कुणाचाही एक दोष काढून टाका. काजवा नाही म्हणाला असता, तांडेल बोलला असता, उधाण थांबली असती, कातळ बाजूला झाला असता, तर अपघात झाला नसता. एखादा दोष काढूनही अपघात होत असेल, तर तो दोष शोभेचा आहे आणि त्या पात्राचा कागद पुन्हा लिहावा लागतो. कातळचा कागद याच कारणानं बदलला. सुरुवातीला तो नुसता तापट होता, आणि त्याचा राग काढून टाकला तरी जाळं फाटतच होतं.

या पानांत खलनायक नाही. खलनायक आला की चौघांना भांडण अर्धवट टाकून लढायची सोय होते, आणि लढाई संपल्यावर सगळे खांद्यावर हात टाकतात. ही सर्वांत जास्त वापरली जाणारी पळवाट आहे. लेखिकेनं ती दहाव्या पानापासून पंधराव्या पानापर्यंत बंदच करून टाकली आहे.

(दृश्य : दशावताराचा रंगपट, म्हणजे नटांची रंगभूषेची खोली. राजाचा मुकुट बांधला जातो आहे. बाजूला पेटी आणि पखवाज.)

दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यात लिहिलेली संहिता नसते. कथानक रंगपटात ठरतं, कोण कुणाला आव्हान देणार हे ठरतं, आणि संवाद नट रंगमंचावर उभे राहून रचतात. कॉमिक्समध्येही अशी एक पद्धत आहे. लेखक फक्त कथानक देतो, चित्रकार पानं रचतो आणि संवाद शेवटी भरले जातात. स्टॅन लीच्या काळात ती मार्व्हल या कॉमिक्स प्रकाशन संस्थेत रुळली. मारामारीच्या पानांना लेखिका हीच पद्धत वापरते. चित्रकाराला जागा मिळते आणि पानं धावतात.

भांडणाच्या पानांना मात्र ती पूर्ण संहिता लिहिते, चौकटीवार. कारण चौकटीत डावीकडे उभा असतो तो आधी बोलतो. आपण डावीकडून वाचतो. चित्रकारानं उत्तर देणाऱ्याला डावीकडे काढलं, तर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात आणि उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जातं. म्हणून संहितेत प्रत्येक चौकटीला हे लिहिलेलं असतं : डावीकडे कोण, उजवीकडे कोण, हात काय करतायत, नजर कुठे आहे.

(दृश्य : आठवं पान, पूर्ण पानभर चित्र. मग बारावं पान.)

अंक मध्ये पिना मारून बांधला जातो, त्यामुळे पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी लागते. विषम पान उजवीकडे येतं, सम पान उलटल्यावर दिसतं. काजव्याच्या हातांखाली जमलेली मासळी म्हणून आठव्या पानावर आहे. सातव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत फक्त पाणी उजळलेलं दिसतं.

बाराव्या पानावर नऊ सारख्या चौकटी आहेत. चित्रकार डेव्ह गिबन्सनं १९८६-८७ मध्ये ‘वॉचमेन’च्या बारा अंकांत हा साचा किती तऱ्हांनी वापरता येतो ते दाखवलं. इथे त्याचा उपयोग कोंडी करण्यासाठी आहे. पहिल्या तीन चौकटींत चौघं एकत्र आहेत, मधल्या तीनांत दोघं-दोघं, शेवटच्या तीनांत प्रत्येक चौकटीत एकच चेहरा. चौथा चेहरा कुठेच नाही. काजवा आधीच निघून गेलेला आहे. ते कुणी बोलून दाखवत नाही.

संवाद ऐका. उधाण तांडेलला विचारते.

“तात्यानू, तुमका म्हायत होता?”

“होता.”

“मगे सांगलात कित्याक नाय?”

तांडेल उत्तर देत नाही. पुढच्या चौकटीत उधाण म्हणते : “तुका निस्तो हुकूम सोडूक येता.”

‘तुमका’चं ‘तुका’ झालं, ‘तुम्हाला’चं ‘तुला’. किनाऱ्यावरच्या वाचकाला त्यापुढे आरडाओरडा दाखवायची गरज उरत नाही. चौघांची बोली वेगळी ठेवण्यामागेही व्यावहारिक कारण आहे. फुग्यांच्या शेपट्या बोटानं झाकून पान वाचायचं आणि कोण बोलतंय ते ओळखायचं. ओळखता आलं नाही तर संवाद लेखिकेचा आहे, पात्राचा नाही. काजवा कॉलेजची प्रमाण मराठी बोलतो, आणि घाबरला की मालवणीवर येतो.

(दृश्य : संगणकाचा पडदा. फुग्यात अक्षरं बसवली जात आहेत.)

देवनागरीची अक्षरजुळणी हे वेगळंच काम आहे आणि घाईत ते नेहमी बिघडतं. आपल्या लिपीत वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीसारखं ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. ओळीची उंची अक्षराच्या सव्वा ते दीडपट ठेवावी लागते. म्हणजे फुगा उंच होतो, आणि चित्रकारानं चौकटीचा वरचा तिसरा हिस्सा मोकळा सोडला नसेल तर तो कुणाच्या तरी कपाळावर बसतो. म्हणून इथे कच्च्या आराखड्यातच आधी फुगे काढतात, मग माणसं. एका फुग्यात वीस शब्दांच्या वर जायचं नाही. इंग्रजीत ओरडणं मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) दाखवता येतं. आपल्याकडे तशी सोय नाही, त्यामुळे जाड अक्षर आणि फुग्याची दातेरी कड वापरतात. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू केलेली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. छापायला देण्याआधी प्रत्येक फुगा कागदावर काढून वाचायचा, पडद्यावर नाही.

(दृश्य : तेविसावं आणि चोविसावं पान.)

शेवटच्या दोन पानांत चौघं पुन्हा किनाऱ्यावर आहेत. जाळं शिवलं जातंय. कुणी कुणाची माफी मागत नाही. तांडेल एका दोराला आहे, उधाण दुसऱ्या. ती त्याच्याकडे बघून आपला वेग कमी करते, आणि तो पहिल्यांदाच मोठ्यानं सांगतो की मासळी कुठे आहे. दोष गेलेले नाहीत, प्रत्येकानं एकेक पाऊल वेगळं टाकलं आहे. त्याहून जास्त बदल दाखवला असता, तर दुसऱ्या अंकाला भांडवलच राहिलं नसतं.

भिंतीवरच्या सहा रेषांपैकी तीन आता नव्यानं लिहिल्या आहेत. कातळ आणि काजवा यांच्यातली रेषा अजून जुनीच आहे. आईला दिलेला शब्द मोडला की पाळला, यावर दोघांचं उत्तर वेगळं आहे. दुसऱ्या अंकाचं पहिलं पान १ जूनचं ठरलं आहे, मासेमारीच्या बंदीचा पहिला दिवस. बोटी वर ओढलेल्या, पाऊस सुरू, आणि पाणी पिऊन जड झालेला कातळ त्या पोराच्या दारात उभा.