विलीनीकरणानंतरची नोकरी

मित्रहो, कंपनीचे विलीनीकरण जाहीर झाले की नोकरदार माणूस आधी विचारतो, नोकरी टिकेल ना? प्रश्न स्वाभाविक आहे. तरीही माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की दोन्हीकडच्या माणसांची सेवाज्येष्ठतेची एकच यादी होईल, तेव्हा त्या यादीत आपले नाव कुठे असेल?

मुंबईकरांना यासाठी दूर जावे लागत नाही. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, तेव्हा एअर इंडियाचे मुख्यालय नरिमन पॉइंटलाच होते. कंपनी एक झाली, पण दोन्हीकडची वेतनश्रेणी आणि बढतीचे नियम वेगळेच राहिले. 2011 मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी संपावर गेले. पुढच्याच वर्षी ड्रीमलायनर या नव्या विमानाचे प्रशिक्षण कोणाला मिळावे यावरून मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी 58 दिवस संप केला. सार्वजनिक बँकांचे वेतन मात्र बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातील सामाईक द्विपक्षीय कराराने ठरते, त्यामुळे 1 एप्रिल 2019 रोजी देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या, तेव्हा पगाराचे गणित मुळातच जुळलेले होते.

मी स्वतः लहान बँकेतून मोठ्या बँकेत असाच आलो. फायदे खरोखर होते आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. परकीय चलन आणि मोठ्या उद्योगांची कर्जे ही कामे जुन्या बँकेत माझ्या वाट्याला कधीच आली नसती; ती चाळिशी ओलांडल्यावर शिकायला मिळाली. पण गिरगावात एकाच रस्त्यावर दोन शाखा झाल्या, त्यातली एक बंद झाली आणि तिथल्या निम्म्या सहकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. वर्षानुवर्षे ज्यांनी आपले काम पाहिले होते ते वरिष्ठ निवृत्त झाले होते, आणि नव्या वरिष्ठांसमोर पुन्हा पहिल्यापासून सिद्ध व्हावे लागले. त्याचा त्रास बदलीपेक्षा जास्त होतो.

कायद्याचे संरक्षण किती, हेही नीट समजून घ्या. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25 एफएफ मध्ये सेवा अखंड राहावी, अटी पूर्वीपेक्षा कमी अनुकूल नसाव्यात आणि पुढे कपात झाल्यास नव्या मालकाने जुनी सेवाही मोजून भरपाई द्यावी, असे तत्त्व होते. पण ते 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. अधिकाऱ्यांना विलीनीकरणाच्या योजनेतील मजकुरावरच विसंबावे लागते. म्हणून ती योजना स्वतः वाचा, संघटनेच्या पत्रकावर थांबू नका.

आणि सेवापुस्तकाची प्रत आधीच काढून ठेवा. माझी तीन वर्षांची ग्रामीण सेवा नव्या संगणक प्रणालीत आलीच नाही. बढतीच्या मुलाखतीआधी ते लक्षात आले, पण जुन्या शाखेतून हजेरीपटाची प्रत मिळवायला सात महिने लागले आणि तोवर त्या वर्षीची यादी लागून गेली होती.